आठ पूर्णांक पस्तीस शतांश

३ फेब्रुवारी

आज कंपनीच्या पेन्शन निधीचा कामगार विश्वस्त म्हणून माझी नेमणूक झाली. इतिवृत्तात माझा हुद्दा 'तपासनीस' असा पडला आहे. मी मुख्य तपासनीस आहे. ज्या कारखान्यातून वजनकाटे 'अचूक' असा शिक्का घेऊन बाहेर पडतात, त्याच्या कार्यालयाला एक हुद्दा पुरता लिहिता येत नाही. म्हणून ही वही. निदान एका ठिकाणी तरी नोंद बरोबर राहील.

विश्वस्त तिघे. अध्यक्ष म्हणजे मालकांचे जावई. यांना सारा कारखाना तोंडावर 'सर' आणि पाठीमागे 'जावईबापू' म्हणतो. दुसरे हिशेब खात्याचे प्रमुख, ज्यांना जिभेवरून 'साखरसाहेब' हे नाव पडलं आहे. तिसरा मी. कुठलाही निर्णय तिघांच्या सह्यांशिवाय होत नाही, असं नियमावलीत आहे. नियमावली मी वाचली आहे. इतर दोघांनी वाचलेली दिसत नाही, कारण त्यांच्या प्रतींची पानं एकमेकांना चिकटलेली होती, जशी छापखान्यातून आली तशी.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "पगार वाढला?" मी म्हटलं, हे मानाचं पद आहे. "अस्सं," म्हणाली आणि लोकरीचे गुंडे मांडत राहिली. हिचं लोकरीचं दुकान आहे. मानाचं काही तिथे विकलं जात नाही.

९ फेब्रुवारी

मी दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. जे शिकलो ते स्वतः शिकलो, आणि ज्यांना शिकवून शिकवून शहाणं केलं त्यांच्यापेक्षा बरं शिकलो. आठवड्याभरात पेन्शनचं गणित घोटून झालं. लोकांनी त्याचा उगाच बाऊ करून ठेवला आहे.

समजा कारखान्याने एखाद्याला दहा वर्षांनी शंभर द्यायचे आहेत. आज किती बाजूला ठेवावे लागतील? ठेवलेल्या पैशावर साडेपाच टक्के मिळतील असं धरलं तर साडेअठ्ठावन्न पुरतात. आठ पूर्णांक पस्तीस शतांश धरले तर पंचेचाळीससुद्धा लागत नाहीत. ज्या टक्क्याने असं उलटं मागे यायचं, तो वटावाचा दर. साहेब लोक 'डिस्काउंट रेट' म्हणतात, कारण तसं म्हटलं की फी घेता येते. दर वर गेला की आजचं देणं खाली. संपलं शास्त्र.

हिला दुकानात समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पण दहा वर्षांनी द्यायचे ते शंभरच ना?"

"शंभरच."

"मग कमी काय झालं?"

मी म्हटलं, आजची किंमत कमी झाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. हिच्या बाबतीत हे नेहमीचं आहे, मुद्दा अर्धाच तिच्यापर्यंत पोचतो.

१७ फेब्रुवारी

पहिली बैठक. खुर्च्या फिरत्या, बिस्किटं दोन प्रकारची, अध्यक्ष एकाच प्रकारचे: झोपलेले.

ॲक्च्युअरी बाई आल्या होत्या. पुढे किती पेन्शन द्यावी लागेल, माणसं किती जगतील, याचा हिशेब मांडून देणं हा त्यांचा धंदा. वय तिशीच्या आत, पदव्या नावापेक्षा लांब. त्यांनी साडेपाच टक्के दर धरून मांडलं: देणं त्रेपन्न कोटी, निधीत एक्केचाळीस कोटी. खड्डा बारा कोटींचा. तो मालकांनी हप्त्याहप्त्याने भरायचा.

'भरायचा' हा शब्द ऐकून जावईबापू जागे झाले.

साखरसाहेब म्हणाले, "बाई, बारा कोटी भरायचे तर कारखान्याचं कंबरडं मोडेल. मग पेन्शन कोण देणार, तुम्ही?"

मी त्यांच्या अहवालातल्या कोष्टकाची बेरीज पडताळून पाहिली होती. चौदाव्या पानावर एक आकडा उलटसुलट छापला होता. दाखवला. बाई लाल झाल्या, आभार मानले. साखरसाहेब हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "तुम्ही शिकला असता तर आम्हाला घरी बसावं लागलं असतं." माणूस गोड बोलतो, पण अधूनमधून खरंही बोलतो.

निघताना त्यांनी पाठीवर हात ठेवला. "दरच जरा तपासा ना. तुमच्या हाताला सवय आहे काटा लावायची."

२४ फेब्रुवारी

तपासला. सात टक्के धरले तर देणं सेहेचाळीस कोटी. आठ धरले तर बेचाळीस आणि वर थोडं. एकेक शतांश वर सरकवत गेलो, स्क्रू फिरवावा तसा. आठ पूर्णांक पस्तीस शतांशाला देणं एक्केचाळीस कोटी, निधी एक्केचाळीस कोटी. दोन्ही पारडी समान, काटा मध्यावर, थरथरसुद्धा नाही.

निधीने गेली काही वर्षं शेअर बाजारात आठ-साडेआठ टक्के कमावले आहेत, म्हणजे दर हवेतलाही नाही. एवढी मोठी पदवीधर बाई आणि तिला हे सुचू नये.

२ मार्च

आज मांडलं. फळ्यावर तराजू काढून मांडलं, कारण अध्यक्षांना आकडे दिसले की डोळे मिटतात.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "निधी आठ टक्के कमावेल ही आशा आहे. पेन्शन द्यायची हे वचन आहे. वचनाची किंमत आशेवरून काढायची का?"

वाक्य छान होतं. चौकटीत घालून भिंतीवर लावण्यासारखं. मी विचारलं, "बाई, तुम्ही कधी काटा लावला आहे?" त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, मग झालं. साखरसाहेब हसले, अध्यक्षही हसले, काय चाललंय ते कळायच्या आधीच.

बाईंनी कागद गोळा केले. दर ठरवण्याचा अधिकार विश्वस्तांचा, फक्त आपला आक्षेप लिहून ठेवावा, म्हणाल्या. ठेवला. शुद्धलेखनाची चूक नव्हती.

साखरसाहेबांनी ठरावात 'कामगार विश्वस्तांची पद्धत' असे शब्द घातले. मी नको म्हटलं. एकदाच म्हटलं.

घरी आल्यावर हिने विचारलं, "खड्डा भरला?"

"भरला."

"पैसे कोणी टाकले?"

"पैसे नाही टाकले. देणं कमी झालं."

"घेणाऱ्यांना विचारलंत?" म्हणाली. वर पुन्हा, "जेवायला बसा." हिच्या डोक्यात दोन विषय एकत्र नांदतात कसे, हे मला कळलेलं नाही.

११ मार्च

पत्रक लागलं. ज्यांना दरमहा पेन्शन नको असेल त्यांना एकरकमी पैसे घेऊन मोकळं होता येईल. रक्कम नव्या दराने. पत्रकावर खाली 'कामगार विश्वस्तांच्या पद्धतीनुसार' असं ठळक छापलं आहे. एकरकमी योजनेचं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. साखरसाहेब म्हणाले, "अहो, तुमच्याच दराचं पिल्लू आहे. अंतिम बैठकीत तिघांच्या सह्या झाल्या की लागू." बरोबर आहे. एका काट्यावर एक वस्तू मोजायची आणि दुसरी नाही, असं थोडंच असतं?

कॅन्टीनमध्ये फिटरांनी माझ्यासाठी जागा सोडली.

१४ मार्च

इतिवृत्तात 'मुख्य' शब्द घातला. शाई वेगळी आहे, पण चालेल.

२० मार्च

दादा आला होता. माझा सख्खा थोरला भाऊ. याच कारखान्यात लेथवर उभा राहून जन्म काढला, आता पेन्शनीत. मला इथे त्यानेच चिकटवलं, हे तो कधी बोलून दाखवत नाही. वहिनी दाखवते.

दादाने एकरकमी रकमेसाठी सही केली आहे. साडेबारा लाख मिळणार. त्याला घरामागे छोटी लेथ टाकून जुन्या काट्यांची दुरुस्ती करायची आहे. डोळे चमकत होते. साठी ओलांडलेल्या माणसाचे डोळे लेथसाठी चमकावेत, हे आमच्याच घराण्यात शक्य आहे.

वहिनी म्हणाली, "मी सांगतेय, महिन्याचं बारा हजार महिन्याला येतंय तेच बरं. यांना लेथ हवी. माझ्या औषधांचं काय लेथवर कातून काढणार?"

दादा म्हणाला, "अगं, दर कोणी काढलाय? यानेच ना. मग बघायचं काय त्यात?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. जुन्या दराने दादाला पंधरा लाख आले असते, हे मला तोंडपाठ आहे. सांगितलं नाही. मागचा दर मागे गेला. त्याचं आता काय?

दादा गेल्यावर हिने कप उचलले. "दादांना किती मिळणार म्हणालात?"

"साडेबारा."

"आणि दर वाढवायच्या आधी?"

मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

"नाही खरं," ती म्हणाली.

२८ मार्च

आज हिच्यावर चिडलो, आणि कारण तसंच होतं.

हिच्या दुकानातला काटा मी स्वतः लावून, शिशाचं सील मारून दिलेला आहे. आज संध्याकाळी दुकानात गेलो तर सील तुटलेलं, माझाच बारका स्क्रूड्रायव्हर गल्ल्यावर पडलेला, आणि ही काट्याशी झटापट करते आहे.

"हे काय चाललंय?"

"या पाकिटावर शंभर ग्रॅम लिहिलंय. काटा चौऱ्याण्णव दाखवत होता. फिरवून फिरवून शंभरवर आणला. आता बघा, बरोबर मध्यावर."

बावीस वर्षं एका मुख्य तपासनिसाशी संसार केलेली बाई.

मी म्हटलं, "ज्याचं वजन करायचं, त्यावरूनच काटा लावलास? मग काटा हवा कशाला? पाकीटच वाचायचं."

"मग कशावरून लावायचा?"

"प्रमाण वजनावरून. ज्याचा या पाकिटाशी काडीचाही संबंध नाही, अशा वजनावरून. आधी ते ठेवायचं, काटा लावायचा, मग हात काढून घ्यायचा. मग पाकीट ठेवायचं. ते जे येईल ते. चौऱ्याण्णव तर चौऱ्याण्णव."

"म्हणजे मला हवं ते उत्तर येईपर्यंत स्क्रू फिरवला, ही चूक झाली."

"चूक नाही. आमच्याकडे याला लबाडी म्हणतात. असं करणाऱ्या माणसाला मी खात्यात उभा करत नाही."

"बरं. लबाडी," ती म्हणाली. मग शांतपणे लोकर गुंडाळत, "तुमच्या त्या दराला प्रमाण वजन कोणतं लावलं होतं?"

मी स्क्रूड्रायव्हर उचलून खिशात घातला. जेवलो नाही म्हटलं तरी चालेल.

२९ मार्च

काहीच लावलं नव्हतं.

देणं पारड्यात होतं, निधी पारड्यात होता, आणि मी स्क्रू फिरवत होतो. हाताखालच्या कुणी हे केलं असतं तर त्याची नोकरी घेतली असती आणि वर भाषण दिलं असतं.

योगायोग मात्र चमत्कारिक. हिने इतक्या वर्षांत काट्याला हात लावला नाही, आणि नेमकी याच आठवड्यात अशी अडाणी चूक केली.

१ एप्रिल

आयुष्यभर दरमहा पैसे देण्याची हमी विकणारे लोक जगात आहेत. त्यांना विमा कंपनी म्हणतात. त्यांचा आमच्या निधीशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे प्रमाण वजन तिथे मिळणार.

गेलो. खिडकीवरच्या मुलीने दादाचं वय विचारलं, सवयी विचारल्या. त्यांच्या फॉर्मात 'जन्मतारीख' दोनदा होती, हे मी निदर्शनास आणून दिलं. ती म्हणाली, "हो का, काका?" काका.

दरमहा बारा हजार, मरेपर्यंत. घेणार किती?

"सतरा लाखांच्या आसपास."

मी दर विचारला. चार टक्क्यांच्या जवळपास निघाला. मी म्हटलं, "इतका कमी? आमच्याकडे आठच्या वर धरतात."

ती म्हणाली, "काका, आम्हाला हे पैसे खरंच द्यायचे असतात."

या वाक्याला चौकटही लागणार नाही.

ज्या वस्तूला बाहेर सतरा लाख पडतात, ती माझा भाऊ माझ्या भरवशावर साडेबारा लाखांना विकतो आहे. आणि जे विकणार नाहीत, त्यांच्या निधीतला खड्डा तसाच आहे. त्यावर मी सतरंजी अंथरली आणि टाळ्या घेतल्या.

४ एप्रिल

साखरसाहेबांकडे गेलो. म्हटलं, दर परत साडेपाचवर न्या, एकरकमी योजना मागे घ्या. साडेपाच तरी बरोबर आहे का, देव जाणे, पण निदान आपण हवा तसा फिरवलेला नाही.

साहेबांनी चहा मागवला. "तुमचीच पद्धत, आणि तुम्हीच नाही म्हणता? लोक काय म्हणतील? ठरावात नाव आहे तुमचं."

"म्हणूनच."

"बघा बुवा. सात तारखेला तपासणी खात्याच्या नव्या व्यवस्थापकाचं नाव ठरतंय. मी तुमचं घातलंय. स्वतंत्र खोली, काचेचं दार. आता मालकांना काय सांगू, की यांचा काटा रोज वेगळं दाखवतो?"

चहा गोड होता. अर्धा टाकला.

व्यवस्थापक व्हायची इच्छा मला किती वर्षं आहे, ते इथे लिहीत नाही. दाराच्या काचेवर अक्षरं कोणत्या वळणाची हवीत, हेही ठरवून ठेवलं होतं, एवढं लिहितो.

९ एप्रिल

अंतिम बैठक. ॲक्च्युअरी बाई कोपऱ्यात, अहवाल छातीशी धरून. अध्यक्षांनी पेन उघडलं होतं.

मी उभा राहून म्हटलं, "हा दर मी काढला आणि तो चूक आहे. मी उत्तर आधी ठरवलं आणि काटा त्याला लावला. माझी सही मिळणार नाही."

अध्यक्ष म्हणाले, "पण मला तर तो तराजू चांगला समजला होता."

साखरसाहेबांच्या चेहऱ्यावरची साखर तेवढ्यात उतरली. खाली जे होतं त्याला कारखान्यात अजून नाव पडलेलं नाही. ते म्हणाले, "बारा कोटींचे हप्ते लागले की यंदाचा बोनस नाही. कामगारांना तुम्ही सांगा."

"सांगतो," मी म्हटलं. सांगावं लागणार याची मला कल्पना होती, कसं सांगायचं याची नव्हती. अजूनही नाही.

तीन सह्या नाहीत म्हणून ठराव पडला. जुना दर कायम, एकरकमी योजना रद्द, त्यासाठी आलेले सगळे अर्ज रद्द. इतिवृत्तात नोंद अशी: 'कामगार विश्वस्तांनी स्वतःच्याच पद्धतीस विरोध केला.' अक्षर न् अक्षर बरोबर. या कार्यालयाच्या हातून पहिल्यांदाच.

जिन्यात बाई भेटल्या. "थँक यू," म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्या चौदाव्या पानावरचा आकडा दुरुस्त केलात का? म्हणाल्या, केला. "छान," मी म्हटलं. याहून जास्त बोलणं जमलं नाही.

१५ एप्रिल

मला बढती मिळाली. पॅकिंग विभागाचा 'तांत्रिक सल्लागार'. स्वतंत्र खोली दिली आहे. दार आहे, काच नाही, खिडकीही नाही. सल्ला विचारायला आज कोणी आलं नाही. खोके सरळ रचावेत, असा मी आपणहून दिला.

कॅन्टीनमध्ये फिटरांनी जागा सोडली. सगळेच उठून गेले, म्हणून पुरेशी सुटली.

१८ एप्रिल

दादा आला. अर्ज रद्द झाल्याचं पत्र घेऊन. बसला नाही.

"तूच काढलेला दर, तूच मोडलास?"

"हो."

"लेथवाल्याला मी शब्द दिला होता."

मी सगळं सांगितलं. खड्डा, सतरंजी, विमा कंपनीतली मुलगी. पंधरा लाखांचंही सांगितलं, जे तेव्हा सांगितलं नव्हतं. दादा ऐकत राहिला. वहिनी बाहेर दुकानात हिच्याशी बोलत असल्याचं दाखवत होती, म्हणजे ऐकत होती.

दादा म्हणाला, "मग खरा दर किती?"

मी तोंड उघडलं. आठ पूर्णांक पस्तीस शतांश आठवलं. साडेपाच आठवले, चार आठवले.

"माहीत नाही," मी म्हटलं.

दादाने खुर्ची ओढली आणि बसला. मग आत येणाऱ्या वहिनीला म्हणाला, "ऐकलंस? हा पाळण्यात होता तेव्हापासून मी याला ओळखतो. हे दोन शब्द पहिल्यांदाच ऐकतोय."

"पेन्शन सुरू राहणार ना?" वहिनीने विचारलं.

"सुरू राहणार," मी म्हटलं. "मालकांना भरावंच लागेल."

"मग चहा ठेवा," वहिनी म्हणाली.

लेथचं काही जमलं नाही. पण ही म्हणाली की दुकानामागची खोली रिकामीच असते, तिथे टेबलावर मावेल एवढं छोटं यंत्र जुन्या बाजारात मिळतं, तिने चौकशी केली आहे. कधी केली, ते सांगितलं नाही.

१९ एप्रिल, रविवार

हिच्या दुकानातला काटा नीट लावला. प्रमाण वजन ठेवून, शून्य पाहून, हात काढून घेऊन. मग ते लोकरीचं पाकीट ठेवलं. भरलं शंभर ग्रॅम. पुन्हा ठेवलं. शंभर. म्हणजे हिने फिरवायच्या आधीच काटा बरोबर होता. तिला चौऱ्याण्णव कुठून दिसलं, कोण जाणे. चष्म्याचा नंबर वाढला असणार. डॉक्टरकडे नेलं पाहिजे.

तुटलेलं सीलही नीट पाहिलं. शिसं मऊ निघालं आहे, नाहीतर बायकांच्या हाताने सहज तुटण्यातलं ते नाही. उद्या सील खात्याला कडक शब्दांत लिहिणार. सल्लागार आहे मी.

नवं सील आवळत होतो, तेव्हा ही म्हणाली, "फार घट्ट नका लावू."

सील कशासाठी असतं, हे या बाईला अजून कळलेलं नाही.